मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या डोंगर-ओढ्यांची गेलिक नावं

ग्लासगोत राहणारे किंवा गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) शिकलेले कोणी आहेत का इथे? ट्रेकला जाताना नकाशा घेऊन बसते आणि नावांतच अडकते. बेन म्हणजे डोंगर, मॅल म्हणजे गोलसर ढिगारा, आल्ट म्हणजे ओढा एवढं जमलंय. ग्लेनको जवळचा बुआखल एटिव मोर म्हणजे एटिवचा थोरला गुराखी, हे कळल्यावर तर मी त्या डोंगराच्या प्रेमातच पडले (शेजारी धाकटा गुराखीपण आहे, बेग म्हणजे लहान).

आता अडलंय ते असं. बेन नेविसच्या उत्तरेकडच्या कड्यांखालून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव आल्ट अ वूलिन, म्हणजे गिरणीचा ओढा, पण डिक्शनरीत गिरणीला मूलन दिलंय, मग म चा व कसा झाला? आपल्याकडे घोडा चं घोड्याचा होतं तसलं सामान्यरूप आहे का हे, पण मग शब्दाची सुरुवातच का बदलते??

दुसरं, केर्नगॉर्म या शिखराच्या नावातला गॉर्म म्हणजे निळा, पण गवताच्या हिरव्यालाही गॉर्मच म्हणतात म्हणे, आणि ते शिखर ज्या डोंगररांगेत आहे त्या अख्ख्या रांगेचं गेलिक नाव मात्र तांबडे डोंगर! मग या शिखराला निळा म्हणायचं की हिरवा?

उच्चारासाठी एखादं सोपं पुस्तक किंवा ॲप असेल तर तेही सांगा प्लीज.