जुने बायबलपट घरच्या प्रोजेक्टरवर: दोष डिस्कचा, यंत्राचा की मूळ सिनेमाचाच?

पडदा_पांढरा:
हॉलिवूडचे जुने बायबलपट ओळीने बघायचे आहेत. यादी अशी: ‘सॅमसन अँड डिलायला’ (१९४९), ‘द रोब’ (१९५३), ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) आणि ‘बेन-हर’ (१९५९). पडदा १६:९ आहे, २४० सेंमी रुंद आणि १३५ सेंमी उंच. सगळ्या ब्लू-रे डिस्क, आवाज ५.१ स्पीकरवर.

थोडं थोडं लावून पाहिलं तेव्हा हे दिसलं:
‘बेन-हर’मध्ये वर-खाली इतक्या जाड काळ्या पट्ट्या येतात की चित्र एखाद्या रिबिनीसारखं दिसतं. सुरुवातीला पाच-सहा मिनिटं एकच स्थिर चित्र आणि संगीत. ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये तांबडा समुद्र दुभंगताना माणसांभोवती निळसर कड दिसते. ‘द रोब’मध्ये जवळून घेतलेले चेहरे रुंद वाटतात, आणि संवाद मध्येच डाव्या स्पीकरमधून येतात.

यातलं काय सेटिंग बदलून सुधारेल आणि काय तसंच राहणार? चित्र झूम करून पडदा भरला तर चालेल का?

सत्तर_मिमी:
झूमपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. ‘बेन-हर’ ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला. त्या फ्रेमची रुंदी उंचीच्या साधारण २.२० पट (यालाच प्रमाण म्हणतात) आणि लेन्स रुंदी सव्वा पटीनं आकसून घेणारी. प्रक्षेपणात ती रुंदी परत उलगडली की प्रमाण २.७६ होतं. १६:९ पडदा पूर्ण भरेपर्यंत झूम केलंत तर बाजूचं सुमारे ३६ टक्के चित्र पडद्याबाहेर जातं. रथांच्या शर्यतीत एका रथाला चार घोडे शेजारी-शेजारी जुंपलेले आहेत आणि दोन रथ भिडतात तेव्हा आठ घोडे एका फ्रेममध्ये मावतात. ती फ्रेम त्यांच्यासाठीच इतकी लांब आहे. झूम केलंत की भिडणाऱ्या दोन रथांपैकी एकच उरतो.

तुमच्या २४० सेंमी पडद्यावर प्रत्येक सिनेमा किती जागा घेईल ते असं:

‘सॅमसन अँड डिलायला’, १.३७: चित्र १८५ × १३५ सेंमी, डावी-उजवीकडे प्रत्येकी २७.५ सेंमी रिकामं.
‘द रोब’, २.५५: चित्राची उंची ९४ सेंमी, वर-खाली प्रत्येकी सुमारे २०.५.
‘टेन कमांडमेंट्स’, १.८५: उंची १३० सेंमी, पट्टी नावापुरती. डिस्कवर पडदा जवळजवळ पूर्ण भरलेला दिसेल.
‘बेन-हर’, २.७६: उंची ८७ सेंमी, वर-खाली प्रत्येकी २४.

प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, करडाच असतो, म्हणून पट्ट्या डोळ्यांत खुपतात. काळ्या मखमली कापडाच्या २४० × २४ सेंमीच्या दोन पट्ट्या शिवून पडद्याच्या वर-खाली अडकवल्या की करडेपणा जातो आणि चित्र एकदम उठून दिसतं. साधं काळं सुती कापड नको, त्यावर उजेड परततो. दुसरी गोष्ट खुर्चीची: ८७ सेंमी उंचीच्या चित्रासाठी अडीच मीटरवर बसा. ‘टेन कमांडमेंट्स’ला बसता तिथूनच ‘बेन-हर’ पाहिला तर तो लहान वाटणारच.

स्थिर चित्र म्हणजे ‘ओव्हर्चर’. हे सिनेमे आधी मोठ्या शहरांत मोजक्या थिएटरांत, राखीव आसनांवर दाखवत. लोक जागेवर बसेपर्यंत वाद्यवृंद वाजायचा आणि दिवे हळूहळू मंद व्हायचे. ‘बेन-हर’मध्ये त्या वेळी दिसतं ते मायकेलअँजेलोचं सिस्टीन चॅपेलमधलं आदामाच्या निर्मितीचं चित्र. ते पुढे ढकलू नका. संगीतकार मिक्लोश रोझानं पुढच्या साडेतीन तासांचे सूर तिथंच कानांवर घातले आहेत. नंतर निर्माती कंपनी ‘एमजीएम’च्या बोधचिन्हातला सिंह गर्जना करत नाही, तेव्हा आवाज गेला समजून केबल काढून बघू नका. येशूच्या जन्माच्या प्रसंगाआधी गर्जना नको, म्हणून तो मुद्दाम गप्प ठेवला आहे. प्रत्यक्ष शर्यत चालू असतानाही संगीत नाही. टापा, चाकं आणि गर्दी एवढंच ऐकू येतं, आणि तेच बरोबर आहे.

ऑप्टिकल_बेंच:
निळ्या कडेबद्दल. कड दिसण्याची कारणं तीन असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात.

फक्त एखाद्या माणसाभोवती किंवा गर्दीभोवती कड आहे आणि त्यामागचं दृश्य स्वच्छ आहे, तर ती मॅटची रेषा, म्हणजे वेगवेगळी टिपलेली चित्रं छायेच्या साहाय्यानं जोडल्याचा सांधा. सिनेमातच आहे, जाणार नाही. पूर्ण फ्रेमभर प्रत्येक वस्तूच्या एकाच बाजूला लाल किंवा निळी कड आहे, पण मेनू स्वच्छ दिसतो, तर रंगांचे थर एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. हे जुन्या तीन-पट्टी टेक्निकलरच्या प्रतीत होतं. ‘सॅमसन’सारखा सिनेमा कॅमेऱ्यातच तीन वेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर उमटायचा, आणि पुढे त्या तीन पट्ट्या वेगवेगळ्या आकसतात. चांगल्या पुनरुज्जीवित प्रतीत हे संगणकावर जुळवून घेतलेलं असतं. आणि कड मेनूवर, पांढऱ्या उपशीर्षकांवरही दिसत असेल तर दोष प्रोजेक्टरचा. लाल, हिरव्या, निळ्या रंगांसाठी वेगळी तीन पॅनेल असलेल्या यंत्रात ‘पॅनेल अलाइनमेंट’ असतं, ते दुरुस्त करा.

तुम्ही सांगता ती पहिल्या प्रकारची. समुद्राचं ते दृश्य बरेच तुकडे एकत्र करून बनलं आहे: इजिप्तमध्ये टिपलेली गर्दी, पॅरामाउंटच्या आवारातल्या प्रचंड टाक्यांमधलं पाणी, स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे उभे असलेले नट, वेगळे ढग, रंगवलेले खडक. पाणी दोन्ही बाजूंनी खोलगट भागात सोडलं, आणि ती फिल्म उलटी चालवली की समुद्र दुभंगतो.

तुकडे जोडायला संगणक नव्हता. निळ्या पडद्यापुढच्या चित्रणातून दोन काळ्या छाया काढायच्या. एक माणसाच्या आकाराची, जिच्यामुळे पार्श्वभूमीत तेवढी जागा कोरी राहते. दुसरी तिच्या उलट, जिच्यामुळे फक्त माणूस उमटतो. मग ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसरीवर उतरवणाऱ्या यंत्रावर, एकाच कोऱ्या फिल्मवरून दोन फेऱ्या. फिल्म प्रक्रियेत आकसते, दोन छाया केसभर सरकतात, आणि त्या फटीतून पडद्याचा निळा रंग डोकावतो. केस, विरळ कापड, धूळ, पाण्याचे तुषार या अर्धपारदर्शक गोष्टी तर काळी-पांढरी छाया पकडूच शकत नाही. म्हणून वाऱ्यात उडणारा मोशेचा झगा जिथं संपतो तिथं कड सगळ्यात जाड दिसते. या युक्तिदृश्यांचे प्रमुख जॉन फुल्टन यांना याच कामासाठी ऑस्कर मिळालं आणि मला वाटतं ते पुरेपूर योग्य होतं.

तुमच्या हातात एवढंच आहे: प्रोजेक्टर आणि प्लेअर दोन्हींची ‘शार्पनेस’ शून्यावर किंवा तटस्थ जागी आणा. शार्पनेस म्हणजे कडेला मुद्दाम आणखी एक रेघ ओढणं, त्यामुळे मॅटची रेषा दुप्पट होते. ‘नॉइज रिडक्शन’ बंद. ‘मोशन स्मूदिंग’ बंद, आणि प्लेअर सेकंदाला २४ फ्रेमवर ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एक दृश्य विरत दुसरं उमटतं, त्याच्या आधीच चित्र अचानक भुरकट आणि दाणेदार होईल. विरण्याची क्रिया प्रिंटरवर होते, त्यामुळे तो तुकडा मूळ निगेटिव्हऐवजी नकलेवरून येतो. ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये हा फरक जास्त जाणवतो, कारण बाकीचं चित्र फार स्वच्छ आहे. तो व्हिस्टाव्हिजन पद्धतीनं टिपला आहे. तीत ३५ मिमी फिल्म आडवी धावते, प्रत्येक फ्रेम कडेच्या आठ छिद्रांएवढी लांब, म्हणजे साध्या फ्रेमच्या दुपटीहून जास्त क्षेत्र.

चार_ट्रॅक:
‘द रोब’चे दोन्ही प्रश्न एकाच मुळातून येतात. सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत प्रदर्शित झालेला हा पहिला चित्रपट.

चेहरे: लेन्स रुंदी निम्मी करते आणि प्रक्षेपणात ती दुप्पट होते. पण त्या सुरुवातीच्या लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस केल्या की पूर्ण निम्मं आकसत नव्हत्या. उलगडताना मात्र सगळीकडे सारखं दुप्पट. त्यामुळे जवळचा चेहरा फुगतो. छायाचित्रणकार याला ‘गालगुंड’ म्हणत. तुमच्या यंत्राचं प्रमाण चुकलंय का, हे दूरच्या दृश्यातल्या ढालीवर किंवा रथाच्या चाकावर तपासा. ते गोल दिसत असेल तर सेटिंग बरोबर आहे. याच अडचणीमुळे कॅमेरा बऱ्याचदा मध्यम अंतरावर थांबतो आणि नट एका रांगेत उभे असतात.

आवाज: मूळ प्रतीवर चार चुंबकीय ट्रॅक होते: डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षागृहाचा. नट डावीकडे गेला की त्याचा आवाजही डाव्या स्पीकरकडे जायचा. आज संवाद मधल्या स्पीकरलाच बांधलेले असतात, म्हणून हे विचित्र वाटतं. वायरिंगला हात लावू नका. फक्त समोरचे तिन्ही स्पीकर एकाच पातळीवर जुळवा. मधला जास्त मोठा ठेवला असेल तर माणूस कडेला सरकताच आवाज पडल्यासारखा वाटेल. मागचे स्पीकर बराच वेळ शांत राहतील. प्रेक्षागृहाचा ट्रॅक ठरावीक प्रसंगांपुरताच वापरत, एरवी फिल्मची खरखर ऐकू येऊ नये म्हणून तो बंद ठेवत.

पडदा_पांढरा:
तीन प्रकारच्या कडांची कसोटी लावून पाहिली. मेनू स्वच्छ आहे, म्हणजे मॅटचीच रेषा. शार्पनेस शून्यावर आणल्यावर बरीच सौम्य झाली. आता यादीत १९२३ चा ‘टेन कमांडमेंट्स’ आणि १९२५ चा ‘बेन-हर’ घालावा का? मूकपटांत काही रंगीत भाग आहेत असं वाचलं, त्यांचं सेटिंग वेगळं ठेवायचं का?

मूकपट_वाचक:
दोन्ही घाला, आणि दोन्ही जोड्या पाठोपाठ बघा. १९२३ चा सिनेमाही १९५६ च्याच दिग्दर्शकाचा, सेसिल बी. डीमिलचा, पण बायबलची कथा सुरुवातीच्या भागातच आहे, पुढचा मोठा भाग त्या काळातल्या दोन भावांचा. मोशेसाठीच बघणार असाल तर हे आधी माहीत असू द्या. त्यातल्या समुद्राच्या भिंती जिलेटिनच्या. लादी मधोमध कापली, ती थरथरत असताना जवळून चित्रण केलं आणि चालणाऱ्या माणसांच्या दृश्याशी जोडलं. १९५६ च्या टाक्यांनंतर हे बघितलं की एक गोष्ट लक्षात येते: लहान प्रमाणात पाणी कधीच मोठं दिसत नाही. प्रतिकृती १/१६ असेल तर कॅमेरा चौपट वेगानं, म्हणजे सेकंदाला ९६ फ्रेमनं चालवून हालचाल जड करता येते, पण थेंबाचा आकार कमी करता येत नाही. जिलेटिनला थेंबच नाहीत.

१९२५ च्या ‘बेन-हर’मधले रंगीत भाग दोन-रंगी टेक्निकलरचे. लाल आणि हिरवा एवढेच रंग नोंदले जायचे, त्यामुळे त्वचा छान दिसते पण आकाशाला खरा निळा येत नाही, तो हिरवट राहतो. रंग अजिबात बदलू नका. निळा वाढवलात तर चेहरे राखाडी होतील आणि आकाश तरीही निळं होणार नाही. १९२७ च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’मध्ये सुरुवात आणि पुनरुत्थान याच पद्धतीत आहेत.

आणि शर्यतीचं मैदान नीट बघा. प्रेक्षकांच्या खालच्या रांगा खऱ्या आकाराच्या आहेत. वरचा भाग म्हणजे कॅमेऱ्याजवळ टांगलेली छोटी प्रतिकृती, तीत हलणारी छोटी माणसं. अशा जोडणीत दोन्हींवर ऊन एकाच कोनातून पडावं लागतं, जवळचं आणि लांबचं दोन्ही फोकसमध्ये राहावं लागतं, आणि कॅमेरा जागेवरून हलवून चालत नाही, नाहीतर प्रतिकृती इमारतीवरून सरकते. म्हणून भव्य दृश्य स्थिर असतं आणि धावता कॅमेरा येतो तेव्हा वरच्या रांगा दिसत नाहीत.

सत्तर_मिमी:
यादी वाढतेच आहे तर ‘बराब्बास’ (१९६१) सोडू नका. क्रूसावरच्या प्रसंगातला अंधार युक्तीचा नाही. १५ फेब्रुवारी १९६१ ला इटलीत दिसलेलं खग्रास सूर्यग्रहण दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर यांनी प्रत्यक्ष टिपलं. त्या दृश्यात प्रोजेक्टरची ‘ब्राइटनेस’ वाढवू नका, ‘डायनॅमिक आयरिस’ही बंद ठेवा, नाहीतर यंत्र अंधार बघून आपोआप उजेड वर-खाली करेल आणि ग्रहणाचा हळूहळू उतरणारा प्रकाशच नाहीसा होईल.

‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ (१९६५) पण २.७६ च, त्यामुळे ‘बेन-हर’च्या कापडी पट्ट्या तशाच चालतील. तो वेगवेगळ्या लांबीत कापला गेला आहे. सुमारे १९९ मिनिटांची प्रत घ्या, सव्वादोन तासांची नको. त्यातले लाल कडे पॅलेस्टाइनचे वाटत नाहीत, कारण ते अमेरिकेतले आहेत, युटा आणि अॅरिझोनाचे.

ऑप्टिकल_बेंच:
रंगाबद्दल एक राहिलं. १९५० नंतरच्या यातल्या बहुतेक सिनेमांची निगेटिव्ह एकाच पट्टीची ईस्टमनकलर, आणि तिचे रंग अंधारात ठेवूनही उडतात. जुनी टीव्हीची किंवा डीव्हीडीची प्रत गुलाबी दिसली तर प्रोजेक्टरचं ‘टेम्परेचर’ थंड करून ती सुधारत नाही. उडालेला रंग फिल्मवर उरलेलाच नसतो, त्यामुळे सावल्यांचा रंग बिघडतो आणि चेहरे मात्र गुलाबीच राहतात. नवं पुनरुज्जीवन तीन कृष्णधवल विभाजन-प्रतींवरून (प्रत्येकीवर एकेका मूळ रंगाची नोंद) रंग परत उभा करू शकतं, म्हणून डिस्क घेताना ती कोणत्या स्कॅनवरून आली ते बघा. ‘बेन-हर’ घेताना ६५ मिमी निगेटिव्हच्या ८के स्कॅनवरून काढलेली २०११ ची प्रतच घ्या, आणि मध्यंतरात पट्ट्यांचं कापड एकदा ताणून घ्या. शर्यत मध्यंतरानंतर आहे.