रस्त्याकडेच्या दुरुस्तीत ट्रकला जुना सुटा भाग लावावा का?

घाटवाट:
लासलगावहून न्हावाशेव्याला कांदा नेणाऱ्या ट्रकचा मागचा मेन पाटा (चाकावरच्या स्प्रिंगच्या थरांतली मुख्य पोलादी पट्टी) इगतपुरीच्या अलीकडे तुटला, की रस्त्याकडेचा मेस्त्री ढिगातून त्याच मापाचा जुना पाटा काढतो, टोकाचा बुश आणि सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मात्र नवे घालतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी वाटेला लावतो. याला सरसकट निष्काळजीपणा म्हणणे मला मान्य नाही. माझी कसोटी अशी आहे, की जो भाग निकामी झाल्यास गाडी जागीच थांबते, तो जुना चालेल. जो निकामी झाल्यास गाडी थांबवता येत नाही, तो नवाच हवा. म्हणून सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), अल्टरनेटर, रेडिएटर, क्लच प्लेट जुनी लावण्यास हरकत नाही. ब्रेकचे लायनर, हवेच्या ब्रेकचे डायाफ्राम (रबरी पडदे) आणि स्टेअरिंगचे बॉल जॉइंट यांत तडजोड नको.

लोहपरीक्षक:
आपले पहिले उदाहरणच आपल्या कसोटीत बसत नाही. पाटा केवळ भार पेलत नाही, तो अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतो; त्याचा पुढचा डोळा (टोकाची वळवलेली कडी) तुटला, तर अ‍ॅक्सल तिरका होऊन भरलेली गाडी एका अंगाला ओढली जाते. स्प्रिंग स्टीलचा थकवा वरवर पाहून कळत नाही. चीर बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा गंजलेल्या खड्ड्यातून सुरू होते, आणि त्या पाट्याने आधी किती ओव्हरलोड सोसला, हे मेस्त्रीलाही ठाऊक नसते. क्लच प्लेटचेही तेच. इंजिनाने वेग आवरावा आणि लायनर तापू नयेत, म्हणून कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरतात. झिजलेली प्लेट तिथे घसरू लागली, तर सगळा भार ब्रेकवर येतो.

एकगाडीमालक:
तांत्रिक बाजू पटते, परंतु नवा पाटा नाशिकहून येईपर्यंत गाडी कुठे उभी असते, याचाही विचार व्हावा. वळणावर अंधारात उभा असलेला ट्रक मागून येणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो, आणि ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटतो तो वेगळाच. २०२० च्या एप्रिलपासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) इंजिनांना भलत्या मॉडेलचा जुना सेन्सर किंवा पंप चालतच नाही. त्यामुळे हा वाद मुख्यतः जुन्या गाड्यांचा, म्हणजे आमच्यासारख्यांचा आहे.

घाटवाट:
क्लचविषयीचा आक्षेप घाट उतरणाऱ्या गाडीपुरता मान्य. पाट्याबाबत मात्र मी आग्रही आहे. डोळा आणि भोक घासून, स्वच्छ करून तपासावे, बाक इतर पाट्यांशी जुळतो का ते पाहावे आणि अर्धा माल दुसऱ्या गाडीत काढून मगच घाट उतरावा. तुटलेला पाटा वेल्डिंग करून पुन्हा बसवण्याचे समर्थन मी करत नाही.

लोहपरीक्षक:
अर्धा माल काढायचा, म्हणजे दुसऱ्या गाडीचे भाडे आणि वरची हमाली आली. हा खर्च नव्या पाट्याच्या किमतीपेक्षा कमी कसा पडेल, हे आपण सांगितलेले नाही.