कुत्र्याला पुन्हा पुन्हा यीस्ट इन्फेक्शन, खाण्याची अ‍ॅलर्जी असेल का? सल्ला हवा

ठाणेकर_लॅबवाली
नमस्कार. आमची चिंगी, यलो लॅब्राडोर, चार वर्षांची. पावसाळा लागला की कान आणि पंजे सुरू. कानात चॉकलेटी मळ, आंबूस वास, मान झटकत राहते. बोटांमधली कातडी लाल आणि चिकट, चाटून चाटून पंज्यांचे केस तांबूस झालेत. डॉक्टर ड्रॉप्स, शाम्पू, गोळ्या देतात, आराम पडतो, की पुन्हा तेच. यंदा तर उन्हाळ्यातही गेलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, खाण्याची अ‍ॅलर्जी तपासू.
तिचं खाणं: दोन वेळा चिकन-भात, सकाळी दही-पोळी, मधेमधे चिकनचं ड्राय फूड. ओळखीतल्या एकांनी रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट सुचवली आहे, बरीच महाग आहे. करावी का? आणि तोवर खोबरेल लावलं तर चालेल का? जीव तुटतो तिच्याकडे बघून.

वाईचा_वाटसरू
खोबरेल नको, ताई. हे यीस्ट (मॅलॅसेझिया नावाची बुरशी) कातडीवरच्या तेलकटपणावरच पोसलं जातं. टी ट्री ऑइल तर घरातही ठेवू नका, कुत्र्यांना विषारी आहे. आणि केमिस्टकडून माणसांची खाजेची ट्यूब आणून लावू नका. त्यात बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं, आणि ही मंडळी लावलेलं सगळं चाटतात.

अंगणातली_जास्वंद
ताई, आमच्या बोक्याचं (नाव बोक्या, आहे कुत्रा) अगदी असंच होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मॅलॅसेझिया बाहेरून लागत नाही. निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही ते थोडंफार असतंच. अ‍ॅलर्जीने कातडी सुजली, ओलसर-तेलकट झाली, की ते बेसुमार वाढतं. त्यामुळे नुसतं यीस्ट मारून भागत नाही, मूळ कारण शिल्लक राहतं आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. पण आधी आत्ताचं इन्फेक्शन पूर्ण आटोक्यात आणा, नाहीतर खाणं बदलून फरक पडला की नाही ते कळणारच नाही.

डॉक्टरांना सांगा, कानातला मळ आणि पंज्यावर चिकटवलेली टेप स्लाइडवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. यीस्ट भुईमुगाच्या शेंगेसारखं दिसतं, आणि सोबत बॅक्टेरिया असतील तर तेही तिथेच कळतं. न बघता दर वेळी तेच ड्रॉप्स देण्यात अर्थ नाही. कानाचा पडदा शाबूत आहे ना, तेही बघून घेऊ दे.

शाम्पू २% क्लोरहेक्सिडीन + २% मायकोनॅझोलचा, आठवड्यातून दोनदा. फेस करून १० मिनिटं अंगावर राहू द्यायचा, घड्याळ लावून. लगेच धुतला तर काहीच उपयोग नाही. मग बोटांच्या बेचक्या टॉवेलने अगदी कोरड्या करायच्या. पावसात फिरवून आणल्यावर हेच महत्त्वाचं.

रक्ताच्या टेस्टवर पैसे घालू नका. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ, केस यांच्या टेस्ट भरवशाच्या नाहीत. ती ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच, एलिमिनेशन डाएट. किमान ८ आठवडे एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, तेही तिने आजवर न खाल्लेलं. चिंगीने मासे कधीच खाल्ले नसतील तर बिनकाट्याचा उकडलेला बासा आणि रताळं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. बाकी सगळं बंद. हे खाणं तपासणीपुरतं ठीक आहे. पुढे कायम तेच द्यायचं तर कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून बसवून घ्या.

शिजवणं जमणार नसेल तर हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं तयार खाणं मिळतं. त्यात प्रथिनांचे तुकडे इतके बारीक केलेले असतात की शरीर सहसा त्यांना ओळखत नाही. फक्त मूळ प्रथिन बघा: रॉयल कॅनिनच्या हायपोअ‍ॅलर्जेनिकमध्ये सोया आहे, फार्मिनाच्या अल्ट्राहायपोमध्ये मासे, हिल्सच्या झेड/डीमध्ये चिकन लिव्हर. चिंगी रोज चिकन खाते, म्हणजे संशय त्यावरही आहे, तेव्हा पहिल्या दोनांतलं बरं. दुकानातलं साधं ‘लॅम्ब’ किंवा ‘ग्रेन-फ्री’ यासाठी चालत नाही. पाकिटावर नसलेलं चिकन आत सापडल्याची उदाहरणं आहेत.

ठाणेकर_लॅबवाली
जास्वंदताई, किती मनापासून लिहिलंत! दोन शंका. सासूबाई तिला रोज तूप लावून पोळीचा तुकडा देतात, तेवढाही बंद करायचा? आणि गोचिडांची गोळी चालू ठेवायची ना?

अंगणातली_जास्वंद
तेवढाही बंद. गहू आणि दुधाचे पदार्थ दोन्ही नेहमीच्या संशयितांत आहेत. २०१६ च्या एका आढाव्यात अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ३४% ना बीफ, १७% ना दुग्धजन्य पदार्थ, १५% ना चिकन, १३% ना गहू बाधत होता. कुत्रा जे वर्षानुवर्षं खातो, त्याचीच बहुधा अ‍ॅलर्जी होते. सासूबाईंना दुखवू नका. उकडलेल्या रताळ्याच्या फोडी त्यांच्याच हाती द्या, भरवण्याचा मान त्यांचाच राहू दे. आमच्याकडे वॉचमनकाकांच्या खिशातही रताळंच असायचं, कारण ते रोज बिस्किट द्यायचे. मुलांच्या ताटाखालचं सांडलेलंही लगेच उचलायचं.

गोचिडांचं औषध मुळीच थांबवू नका, पण मांसाच्या चवीची चघळायची गोळी असेल तर त्या काळात मानेवर सोडायचे थेंब मागा. कॅप्सूलचं जिलेटिन आणि चवदार टूथपेस्टही विचारून घ्या.

शिरवळ_रोड
एक भर. खाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर त्रास सहसा बारमाही असतो. चिंगीचा पावसाळ्यात वाढतो, म्हणजे धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) किंवा बुरशी यांची अ‍ॅलर्जीही सोबत असू शकते. दोन्ही एकत्र असणारे कुत्रे बरेच असतात, तेव्हा डाएटने अर्धाच फरक पडला तरी निराश होऊ नका. त्या खाजेवर ऑक्लासिटिनिबसारखी औषधं आहेत, डॉक्टर ठरवतील. थायरॉइडही एकदा तपासा. यीस्टच्या गोळ्या जास्त दिवस चालू ठेवायच्या असतील तर लिव्हरची टेस्ट हवीच.
नेहमीच्या दवाखान्यात मायक्रोस्कोप नसेल तर तुम्हाला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आम्ही शिरवळच्या महाविद्यालयात जातो.

ठाणेकर_लॅबवाली
आणि ८ आठवड्यांनी बरी दिसली, की तेच कायम चालू ठेवायचं?

अंगणातली_जास्वंद
नाही, इथेच बहुतेक जण थांबतात. बरं झालं ते खाण्यामुळे, की शाम्पूमुळे आणि पाऊस ओसरल्यामुळे, हे जुनं खाणं परत दिल्याशिवाय ठरत नाही. म्हणून ते मुद्दाम परत द्यायचं आणि दोन आठवडे लक्ष ठेवायचं. अ‍ॅलर्जी असेल तर बहुधा काही दिवसांतच खाज आणि कान पुन्हा सुरू होतात. मग परत बासा-रताळं, शांत झाली की एकेक पदार्थ वेगळा: आधी नुसतं चिकन, मग नुसती पोळी, मग दही. बोक्याचं चिकनवर नक्की झालं. अंडं, दही त्याला चालतं. रोज पंज्यांचा एक फोटो काढा, त्याच उजेडात. डोळ्यांना फरक लवकर कळत नाही, फोटोत कळतो, आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो.