इनिशमोरचं नाटक बसवतोय, रक्त आणि हसू कसं सांभाळायचं?

गॉलवेवासी:
नमस्कार मंडळी, इथल्या एका हौशी ग्रुपमध्ये मी प्रॉप्स बघते. यंदा मार्टिन मॅकडोनाचं 'द लेफ्टनंट ऑफ इनिशमोर' घेतलंय. 1993 सालचं आयर्लंडमधलं इनिशमोर बेट, पॉरिक हा आयएनएलए या सशस्त्र आयरिश बंडखोर गटाचा माणूस, आयआरए या त्याहून मोठ्या बंडखोर संघटनेनेसुद्धा वेडा म्हणून घेतला नाही असा, एका ड्रगवाल्याला उलटा टांगून नखं उपटत असतो आणि तेवढ्यात वडिलांचा फोन येतो की तुझ्या मांजराची तब्येत बरी नाही, झालं, हा ढसाढसा रडायला लागतो. मग तो टांगलेलाच त्याला सांगतो की मांजराला गोळी चीजमधून द्यायची. वाचताना मी हसून बेजार झाले. पण ग्रुपमधल्या एक साठीच्या बाई, मूळच्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या, पूर्ण वाचन होईस्तोवर एकदाही हसल्या नाहीत, शेवटी एवढंच बोलल्या की आमच्या गल्लीत हे खरं होतं. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. हे जरा वरच्या पट्टीत करायचं की साधं? आणि शेवटी स्टेजभर रक्त असतं त्याचं काय?

प्रायोगिकवाला:
वरच्या पट्टीत अजिबात नको! फोनच्या प्रवेशात पॉरिक खरंच रडला पाहिजे, त्याचं मांजरावरचं प्रेम शंभर टक्के खरं आहे म्हणून तर अंगावर काटा येतो. पॉरिकचे वडील डॉनी आणि शेजारचा पोरगा डेव्ही, पॉरिकचं मांजर म्हणून खपवायला दुसऱ्या एका नारिंगी मांजराला बूटपॉलिश लावून काळं करतात ना, तिथे दोघांनी जीव मुठीत धरून ते काम करावं, कान राहिला, शेपटीखाली राहिलं, असं. प्रेक्षकांकडे बघायचंच नाही.

बर्मिंगहॅमकर:
मी 2018 ला लंडनला याच नाटकाचा, एडन टर्नर पॉरिक झाला होता तो प्रयोग बघितला, सोबत इथलाच एक जुना सहकारी होता. 21 नोव्हेंबर 1974 ला आमच्या बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, 21 माणसं गेली, आणि नंतर सहा निरपराध माणसं 1991 पर्यंत तुरुंगात सडली. तो पहिली दहा मिनिटं गप्प होता, मग मोठ्याने हसला, बाहेर आल्यावर म्हणाला हे नाटक त्या पोरांच्या बाजूचं आहे. म्हणजे इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनची, मार्च 1993, आयआरएने कचऱ्याच्या डब्यात ठेवलेल्या बॉम्बमध्ये तीन आणि बारा वर्षांची दोन मुलं गेली. नाटकातलं सालही तेच आहे, हे तुमच्या नटांना सांगा, विशेषतः तरुणांना, त्यांना उत्तर आयर्लंडच्या 1998 च्या शांतता कराराआधीचं काही आठवत नसणार. आणि त्या बाईंना तालमीला बसवाच, त्यांच्याइतकं जाणणारं तुमच्याकडे दुसरं कोण आहे?

नेपथ्य_आणि_बाकी:
रक्ताचं सांगतो. गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट पाक), लाल खायचा रंग, चिमूटभर कोको, नुसता लाल रंग लाइटखाली गुलाबी दिसतो. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घाला, डाग सुटायला मदत होते, तरी कपड्याच्या तुकड्यावर आधी बघाच. फरशीवर भयंकर घसरतं, रबरी सोल सगळ्यांना, आणि रक्तासकट निदान तीन तालमी. उलटं टांगणं हे रिगिंग, म्हणजे स्टेजवर माणसं-वस्तू दोरांनी टांगण्याचं काम, येणाऱ्या माणसाचंच काम, आणि त्या नटाला किती वेळ टांगायचं ते अंदाजाने नको, घड्याळ लावून बघा. खरं मांजर शेवटी येतं ते आत्तापासून तालमीच्या हॉलमध्ये आणा, बंदुकीच्या आवाजापासून लांब.

गॉलवेवासी:
खूप आभार सगळ्यांचे. काल बाईंशी बोलले. त्या येणार म्हणाल्या, पण टॉर्चरच्या प्रवेशाला बाहेर चहा घेत बसतील. मी सोबत बसणार आहे.