जावरच्या दगडात शिसं कोणतं, जस्त कोणतं?

प्रश्न (लातूर): उदयपूरजवळच्या जावर खाणीतला दगड कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलाय. करड्या दगडात चमकदार काळे पट्टे आहेत. गॅलेना (शिशाचं खनिज) आणि स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज) वेगळं कसं ओळखायचं? आपल्याकडच्या विहिरींत असलं काही लागतं का?

उत्तर (नांदेड): दादा, रंगावर जाऊ नका. लोह जास्त असलेलं स्फॅलेराइटही काळंच दिसतं. फरशीच्या मागच्या खरबरीत, ग्लेझ नसलेल्या बाजूवर घासा. रेघ करडी-काळी आली तर गॅलेना, फिकट पिवळी ते तपकिरी आली तर स्फॅलेराइट. भिंगातून पाहा, गॅलेना काटकोनात, पायऱ्यापायऱ्यांनी फुटलेलं असतं. पितळी कणावर चाकूचा ओरखडा उठत नसेल तर तो पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. नंतर हात साबणानं धुवाच, शिशाची भुकटी पोटात जाता कामा नये.

उत्तर (परभणी): घनताही काढा. तुकडा हवेत १५० ग्रॅम आणि दोऱ्यानं पाण्यात टांगून १३० भरला, तर १५० भागिले २० (पाण्यात कमी झालेलं वजन), म्हणजे ७.५. हे गॅलेना. स्फॅलेराइट ४ च्या आसपास येतं. मधलाच आकडा आला तर तुकडा बहुधा मिश्र आहे, स्वच्छ तुकडा फोडून घ्या. चिकटलेले बुडबुडे ब्रशनं काढा, नाहीतर घनता कमी भरते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): विहिरींत आशा धरू नका. जावरचं खनिज अरवलीच्या जुन्या डोलोमाइटमध्ये, म्हणजे चुनखडीसारख्या खडकात आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लाव्ह्याचा बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ अशी खनिजं मिळतात. तेही जपून ठेवण्यासारखंच आहे, फोडून टाकू नका.