कमी वजनाला सर्जरी झाली म्हणून कोणी हिशोबातच धरत नाही, असं अजून कोणाला होतं का?

पारिजात
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते, जरा लांबेल.

माझी स्लीव्ह (वजन कमी करायची सर्जरी, पोटाचा मोठा भाग काढून ते लहान करतात) होऊन पाच महिने झाले. उंची १५८ सेमी, ऑपरेशनच्या दिवशी वजन ९१ किलो, आज सकाळी ७४. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) साडेछत्तीसच्या आसपास होता, म्हणजे सर्जरीवाल्यांच्यात मी 'बारीक'च आणि बाहेरच्या जगात जाडी. धड ना इकडची ना तिकडची.

ऑपरेशनच्या आधी ज्याला सांगितलं त्याचं एकच, अगं तुला काय गरज, जरा चालायला लाग, रात्रीचं जेवण सोड, एवढ्यासाठी कोणी पोट कापून घेतं का. सहा वर्षं शुगर होती मला, दोन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या, HbA1c (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.४, हे कोणाला दिसत नव्हतं कारण ते अंगावर दिसत नाही. आणि माझ्या आईला मी शुगरपायी डायलिसिसवर बघितलंय, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तिच्या हातावरचा तो फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी), हात लावला की खाली थरथर जाणवायची, ती मी अजून विसरले नाहीये. मी त्यासाठी टेबलावर गेले, कपड्याच्या साइजसाठी नाही.

आता ऑपरेशननंतरचं. आमचा सपोर्ट ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटतो, गोलात खुर्च्या, एकेक जण आपला आकडा सांगतो. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली एक ताई आहे, १४८ वरून ११२ वर आली. तिने ३६ किलो म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्यापण, खरंच मनापासून आलं. मग माझी खुर्ची. मी म्हटलं १७. कोणीतरी "छान छान" म्हटलं आणि पुढच्याचा नंबर. गोळ्या बंद झाल्यात हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

मध्ये १९ दिवस काटा हललाच नाही, मी घाबरून विचारलं तर उत्तर आलं, तुझं काय गं, तुला थोडंच तर करायचंय. घरी जाऊबाई विचारतात किती उतरलं, मी सांगते, तर "फक्त?" अरे पण केस माझेपण मुठीने गळतायत, दोन घास जास्त झाले की छातीत अडकून जीव माझापण कासावीस होतो, भूल मलापण तेवढीच दिली होती ना.

रडगाणं गायचं नाहीये, फक्त विचारायचंय की मला हे असं वाटतंय ते चूक आहे का, आणि तुम्ही लोकांनी कसं निभावलं.

चांदणं_०७
ताई मीपण!! ८७ वरून सुरुवात, बायपास (पोटाची, वजनासाठीची), दीड वर्ष झालं. मी तर ग्रुपमध्ये बोलणंच सोडून दिलं होतं, नुसतं ऐकून घरी यायचे. अजिबात चूक नाही वाटणं. आईबद्दल वाचून पोटात कालवलं. केसांचं सांगते, माझे तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागले आणि आठव्या-नवव्याला थांबले, आता कपाळापाशी बारीक नवीन केस उभे राहतात. प्रोटीन नीट घे फक्त.

कासव
पारिजात, आधी हिशोब करू, कारण तुझी सगळी गाडी किलोवर अडकलीये आणि किलो हे माप इथे लागूच पडत नाही.

तुझ्या उंचीला बीएमआय २५ (जादा वजन इथून पुढचं मोजतात) म्हणजे साधारण ६२.४ किलो. म्हणजे तुझ्याकडे जादा वजन होतं साडेअठ्ठावीस किलो, त्यातलं १७ गेलं, म्हणजे जवळजवळ ६० टक्के. आता त्या ताईंची उंची मला माहीत नाही, समजा १६५ धरली तर बीएमआय २५ ला होतात ६८ किलो, जादा वजन ८०, त्यातले ३६ म्हणजे ४५ टक्के. दुसऱ्या मापाने, म्हणजे एकूण वजनाच्या किती टक्के, तिथे त्या पुढे आहेत, २४ टक्के आणि तू साधारण १९. त्या मागे आहेत किंवा तू मागे आहेस असं यात काहीच नाही, दोघींचं उत्तम चाललंय. सर्जन लोक याच दोन टक्केवाऱ्या बघतात, नुसते किलो नाही. मोठं शरीर नुसतं बसून राहायलासुद्धा जास्त जाळतं, म्हणून त्यांचा काटा सुरुवातीला धडाधड पळतो, आपला रांगतो.

आणि "तुला गरज काय होती" याचं उत्तर. १९९१ मध्ये अमेरिकेत जो नियम ठरला, बीएमआय ४० किंवा ३५ अधिक आजार, तोच तीस वर्षं सगळीकडे धरून बसले होते. २०२२ मध्ये सर्जरीच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून तो बदलला, आता ३५ च्या वर आजार असो नसो सर्जरी सुचवतात, आणि डायबेटिस असेल तर ३० पासून. आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून, कारण आपल्यात कमी वजनालाही पोटात चरबी आणि शुगर जास्त. म्हणजे तू जुन्या नियमातपण बसत होतीस आणि नव्यातपण. कोणाची मेहेरबानी म्हणून तुझं ऑपरेशन झालेलं नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो पेशंटचा एक मोठा अभ्यास चालला, त्यात हार्ट अटॅक वगैरे टळण्याचा फायदा सुरुवातीच्या बीएमआयवर अवलंबून निघाला नाही, उलट ज्यांच्या रक्तात इन्शुलिन आधी जास्त होतं त्यांना फायदा जास्त. हे जाऊबाईंना सांगून उपयोग नाही, पण तुला माहीत असू दे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. माझा बीएमआय ३३ होता, डायबेटिस होता, चार वर्षं झाली. मलापण सगळे म्हणायचे तुझं काय, छोटंसं काम होतं. आणि मी ते ऐकून ऐकून स्वतःच खरं मानायला लागलो. माझी सर्जरी छोटी, मग फॉलोअप कशाला, व्हिटॅमिन कशाला, त्या गोळ्या जास्त वजनवाल्यांसाठी. दीड वर्षाने मी सगळं बंद केलं. पुढे पायाला मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, एकदा जिना उतरताना चुकलो. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेऊन बरंचसं परत आलं, सगळं नाही, डाव्या तळव्याला अजून कापसावर चालल्यासारखं वाटतं. स्लीव्हमध्ये पोटाचा जवळजवळ तीन चतुर्थांश, कधी त्याहून जास्त भाग काढतात, ९१ किलोवाल्याचा थोडा कमी आणि १५० वाल्याचा जास्त असं काही नसतं. तुझं ऑपरेशन पूर्ण ऑपरेशन आहे. लोक दुर्लक्ष करतात ते करू देत, तू त्यांच्या नादाने स्वतःकडे दुर्लक्ष करू नको, एवढंच कळकळीने सांगतो.

उंबरठा
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. टाळ्यांसाठी केलं होतं का ऑपरेशन? शुगर गेली ना, मग लोक काय म्हणतात याने काय फरक पडतो. जितकं मनाला लावून घ्याल तितका त्रास.

पारिजात
@उंबरठा राग नाही. पण फरक पडतो हो. टाळ्या नकोत मला. १९ दिवस वजन अडकलं तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवं होतं की हे होतं, घाबरू नको, आणि ज्या एका ठिकाणी ते विचारता येतं तिथे मला "तुला काय गं" मिळालं. बाहेर कोणाला विचारू? ऑफिसात तर निम्म्यांना ऑपरेशन झालंय हेच माहीत नाही, मी सांगितलंच नाही कारण सांगितलं की "एवढ्यासाठी?" सुरू. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, मला वाटलं होतं तिथे तरी सगळ्यांचं जळलेलं आहे.

पाऊलवाट
मी त्या टाळ्या मिळणाऱ्यांपैकी आहे. १६२ वरून ९८, तीन वर्षं. हे वाचून मला दोन दिवस बरं वाटलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या ग्रुपमध्ये तुझ्यासारखी एक मुलगी होती, तिला मी स्वतः म्हटलं होतं, "तू आमच्यात कशाला आलीस, तू तर बारीक आहेस." कौतुक म्हणून म्हटलं होतं, देवाशपथ. ती नंतर यायची बंद झाली. तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही की का, माझ्याही नाही, आज तुझं ते "तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं" वाचलं आणि डोक्यात लख्ख झालं. तिला आता गाठता येत नाही, म्हणून तुलाच सॉरी म्हणतो.

आमच्या बाजूचंही सांगतो, तुझं कमी करायला नाही. १६२ चा माणूस आयुष्यभर खुर्ची मोडेल का, सीटबेल्ट बसेल का या भीतीत जगतो. जे शेजारी आज माझा फोटो मागतात ते आधी लिफ्टमध्ये माझ्यासोबत चढायचे नाहीत, मी आत असलो की "पुढच्या वेळी येतो" म्हणायचे. त्यामुळे ग्रुपमध्ये टाळ्या पडल्या की आम्ही त्या अधाशासारख्या घेतो, आणि त्या नादात बाजूच्या खुर्चीत कोण बसलंय ते दिसत नाही. पण तुझ्या आईचं वाचल्यावर मला कळलं की तूपण भीतीतूनच आलीस, भीती फक्त वेगळी होती.

गोळ्या कधी बंद झाल्या? नीट सांग, सगळं सांग. मला ऐकायचंय.

साखरफुटाणा
मी डाएटिशियन आहे, सर्जरीचे पेशंट रोज बघते. पटकन दोनतीन गोष्टी.

वजन अडकणं. बहुतेक सगळ्यांचं पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अडकतं आणि पुढेही अधूनमधून. शरीरातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपतं तेव्हा त्याच्याबरोबर धरलेलं पाणीही जातं, एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम, म्हणून सुरुवातीला धबाधबा उतरतं, आणि नंतर पाणी परत साठलं की चरबी जात असूनही काटा गप्प. कमी वजनाने सुरुवात केलेल्यांना हे जास्त जाणवतं, कारण आठवड्याला अर्धा किलोच उतरत असेल तर एवढंसं पाणीसुद्धा तो झाकून टाकतं. कंबर मोजा, दर दोन आठवड्यांनी, एकाच जागी टेप लावून.

प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. जेवताना पाणी नको, नंतर अर्धा तास थांबून घोट घोट. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास. आणि रोज उलट्या होत असतील तर "होतं असं" म्हणून घरी बसायचं नाही, बी-१ कमी होऊन नसांवर आणि मेंदूवर जाऊ शकतं, ते थांबत नाही कोणासाठी.

तुम्ही जिथे जाता तिथल्या लोकांना सांगून बघा की किलो सांगायची पद्धत बदला. आमच्याकडे आम्ही आकडा विचारणं बंद केलं, "या महिन्यात काय जमायला लागलं" एवढंच विचारतो. एक बाई म्हणाल्या होत्या की जमिनीवर बसून नातीच्या पायात मोजे घातले आणि हाताचा आधार न घेता उठले. त्यांचं वजन त्या महिन्यात ९०० ग्रॅम उतरलं होतं.

पारिजात
सगळ्यांचे आभार, ऑफिसात बसून वाचत होते, बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

@पाऊलवाट दादा, सॉरी पोचलं. ते लिफ्टचं वाचून मलाच कसंतरी झालं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एक गोळी हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच बंद केली होती, दुसरी अडीच महिन्यांनी. माझ्याकडे ती सात दिवसांची प्लॅस्टिकची डबी आहे, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली. ज्या रविवारी डॉक्टरांनी दुसरीपण बंद सांगितली त्या दिवशी मी सवयीने डबी भरायला बसले आणि संध्याकाळच्या कप्प्यात टाकायला काहीच नव्हतं. सकाळच्या कप्प्यात फक्त व्हिटॅमिन. तशीच डबी मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते. आई असती तर तिला दाखवली असती. गेल्या महिन्याची HbA1c ५.९ आहे, गोळीशिवाय.

हे मला त्या दिवशी गोलात सांगायचं होतं.

@कासव दादा, टक्क्यांचा हिशोब वहीत लिहून घेतला. पण तुमचं पुढचं वाचून दचकले, कारण खरं सांगायचं तर महिनाभर माझ्यापण व्हिटॅमिनच्या गोळ्या एक दिवसाआड होतायत, आणि तिसऱ्या महिन्याची ब्लड टेस्ट मी केलीच नाही, मनात हेच होतं की आपलं काय एवढं. उद्या सकाळी देऊन येते. तुम्हाला मुंग्या आधी कुठे आल्या होत्या? मला रात्री झोपताना पायाच्या बोटांना कधीकधी येतात, मी म्हटलं बसून बसून असेल.

कासव
बोटांनाच, दोन्ही पायांच्या. उद्याची वाट बघू नको, आजच डॉक्टरांना फोन लाव आणि मुंग्यांचं आधी सांग, मग टेस्टचं. पाच महिन्यांत नुसत्या बी-१२ वर थांबू नको, बी-१ चंही विचार. मध्ये उलट्या झाल्या होत्या का तेपण सांग. फोन झाला की इथे लिही, मी बघतोय.

पारिजात
लावला. साडेपाचला बोलावलंय.