भूशास्त्र घ्यावं की भूभौतिकी? अर्ज भरायला तीन आठवडे उरलेत

पायवाट

नमस्कार. पदवीच्या प्रवेशाचं माझं अजून ठरत नाहीये, म्हणून इथे विचारतोय.

एकाच विभागात दोन अभ्यासक्रम आहेत, भूशास्त्र (खडक बघून अभ्यास) आणि भूभौतिकी (मोजमापं आणि गणिताने जमिनीखालचं ओळखणं). पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सारखेच आहेत. दुसऱ्या वर्षी वाटा फुटतात. एकीकडे मिनरलॉजी, पेट्रोलॉजी, स्ट्रक्चरल, स्ट्रॅटिग्राफी, पेलिऑन्टॉलॉजी. दुसरीकडे व्हेक्टर कॅल्क्युलस, फूरिए, सिस्मॉलॉजी, गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षण, आणि शेवटच्या वर्षी 'इन्व्हर्स थिअरी' नावाचा एक विषय, ज्याचं वर्णन तीनदा वाचूनही मला कळलेलं नाही.

मला दगड हातात घेऊन बघायला आवडतं. गणित येतं, मार्कही बरे पडतात, पण कुणी सांगितल्याशिवाय मी गणित सोडवायला बसत नाही. आमचे भौतिकीचे सर म्हणतात, भूशास्त्र म्हणजे नुसतं पाठांतर. हे खरं आहे का? भूभौतिकीत गणित रोज किती करावं लागतं? आणि एक घेऊन नंतर दुसरीकडे जाता येतं का? ज्यांनी हे शिकलंय त्यांनी सांगावं.

तरंग

मी भौतिकी करून मग भूभौतिकीत आलो. आता सिस्मिक डेटाचं, म्हणजे जमिनीत लहरी सोडून परत आलेल्या सिग्नलच्या नोंदींचं, प्रोसेसिंग करतो. माझं मत सरळ आहे: गणित आधी पक्कं कर. भूशास्त्र मागाहून वाचून, जाणकारांबरोबर फिरून बरंच उचलता येतं. उलटं करणारे मी फार कमी पाहिले.

फूरिए, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडण्याचं गणित, रोजचंच आहे. जमिनीतून परत आलेला सिग्नल दर २ मिलिसेकंदांनी मोजला, तर २५० हर्ट्झच्या वरच्या लहरी खऱ्या रूपात नोंदल्याच जात नाहीत. मोजण्याआधी त्या गाळल्या नाहीत, तर खालच्या फ्रिक्वेन्सीचं सोंग घेऊन डेटात शिरतात आणि मग काही केल्या बाहेर निघत नाहीत. किंवा हे बघ. खडकात लहरीचा वेग सेकंदाला २५०० मीटर आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी ५० मीटर. तिच्या साधारण पाव भागाहून, म्हणजे साडेबारा मीटरहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. हे ज्याला उमगलं नाही तो पडद्यावरची प्रत्येक रेघ म्हणजे एक थर समजून चालतो.

पाठांतराबद्दल मी बोलणार नाही, भूशास्त्राच्या वर्गात मी बसलेलो नाही.

गारगोटी

मी पदवी भूशास्त्रात केली आणि पदव्युत्तर भूभौतिकीत, त्यामुळे दोन्ही घरचं पाणी प्यायले आहे. तरंग यांचं गणिताबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. भूशास्त्र मागाहून उचलता येतं, हे मात्र मान्य नाही. का ते जरा सविस्तर लिहिते.

आधी पाठांतर. पहिले तीन-चार महिने खनिजांची नावं, कठीणपणा, क्लीव्हेज (खनिज ठरावीक पातळ्यांवरच कसं फुटतं ते) हे सगळं पाठ करावंच लागतं. अक्षरं गिरवल्याशिवाय वाचता येत नाही, तेवढंच ते. पुढचा प्रकार अगदी वेगळा आहे. दुसऱ्या वर्षी आम्हाला थिन सेक्शन हाताने करायला लावले होते. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवायची आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी, पाणी आणि जाड काच घेऊन घासत बसायचं, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. एवढी जाडी मोजायची कशाने? मापकाने नाही, क्वार्ट्झच्या रंगाने. सूक्ष्मदर्शकात क्रॉस केलेल्या, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या, पोलराइझर्सखाली क्वार्ट्झ पिवळा-नारिंगी दिसला तर काप अजून जाड आहे. राखाडी-पांढरा दिसला की थांबायचं. माझा पहिला काप राखाडीवर आला म्हणून मी खूश होऊन आणखी चार हात मारले, आणि एका कडेचा दगड काचेवरून साफ गेला. दुसरा जमला. सूक्ष्मदर्शकाचं गोल टेबल फिरवलं की प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काळे-पांढरे पट्टे आळीपाळीने विझायचे आणि उजळायचे. त्याच्या लांबट काड्या पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाच्या मोठ्या दाण्यात पूर्ण रुतलेल्या होत्या. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "आधी कोण आलं?" काड्या आधी, असं मी म्हटलं. "कशावरून? दोघं बरोबरीने वाढले नसतील कशावरून?" त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला. ज्याला पाठांतर म्हणतात ते हे नाही. डोळ्यांसमोर जे आहे त्यावरून घटनांचा क्रम लावायचा आणि तो क्रम कुणी मोडून दाखवला तर मान्य करायचा, हे शिक्षण आहे.

मग फील्ड मॅपिंग. कंपास-क्लायनोमीटर, हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडची लहान बाटली आणि वही. कॅल्साइटवर थेंब टाकला की लगेच फसफसतं, डोलोमाइट मात्र खरवडून पूड केल्याशिवाय फारसा बोलत नाही. सिल्ट (बारीक गाळ) की क्ले (चिकणमाती) हे कळत नसेल तर किंचित दाताखाली धरून बघायचं: करकर लागली तर सिल्ट. दिवसभर स्ट्राइक-डिप, म्हणजे थरांची दिशा आणि उतार, मोजत चालायचं आणि संध्याकाळी लक्षात यायचं, की नकाशाच्या मधल्या भागात एकही कातळ उघडा नाही. तिथली रेघ तुटक काढायची. ठळक रेघ म्हणजे मी पाहिलं, तुटक रेघ म्हणजे माझा अंदाज. हा फरक कागदावर प्रामाणिकपणे दाखवणं मला याच विषयाने शिकवलं, आणि आजही मला तो या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

आता भूभौतिकीकडे येते, आणि जे सांगणार आहे ते सांगायला आजही जड जातं. पदव्युत्तरच्या प्रकल्पात आम्ही एका वस्तीजवळ पाण्यासाठी रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण केलं, म्हणजे जमीन विजेला किती रोध करते ते मोजलं. जमिनीत चार इलेक्ट्रोड ठोकायचे, बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरचे जितके लांब न्याल तितकं खोलचं कळतं. आमच्या वक्रात एका खोलीवर आकडा छान खाली येत होता, १२ ओहम-मीटरच्या आसपास. कमी रोध म्हणजे पाणी, असं मी लिहून दिलं. सॉफ्टवेअरचं मॉडेल मोजमापाशी तंतोतंत जुळत होतं. बोअर घेतली. चाळीस मीटरपर्यंत चिकट राखाडी क्ले वर येत राहिली, पाणी नाही. क्लेसुद्धा वीज उत्तम वाहून नेते. गोड्या पाण्याने भरलेली स्वच्छ वाळू असती तर आकडा याच्या कितीतरी वर असता. माणसं सकाळपासून भांडी घेऊन उभी होती.

तीनशे मीटरवर एक ओढा होता. त्याच्या काठावर तीच राखाडी क्ले उघडी पडलेली होती, वाळून तडकलेली, आणि आम्ही केबलची रिळं खांद्यावर घेऊन आठ दिवस रोज तो ओढा ओलांडत होतो. माझ्याकडे भूशास्त्राची पदवी होती. मी खाली पाहिलं नाही, कारण माझं सगळं लक्ष यंत्राच्या आकड्यांवर होतं.

पायवाट, तुला न कळलेला इन्व्हर्स थिअरी हा विषय नेमका याच ठिकाणी येतो. जमिनीखाली काय आहे ते ठाऊक असेल तर वर काय मोजलं जाईल याचं गणित मांडता येतं. आपल्याला उलटं जायचं असतं: वरच्या मोजमापावरून खाली काय आहे ते ओळखायचं. आणि उलट जाताना एकाच मोजमापाला अनेक उत्तरं लागू पडतात. गुरुत्वाचा तोच उंचवटा खोलवरच्या जड गोळ्यामुळे येऊ शकतो किंवा वरच्या थरातल्या रुंद, पसरट खडकामुळे. त्यातलं कोणतं शक्य आणि कोणतं अशक्य, हे समीकरण सांगत नाही, खडक सांगतात.

समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मिशिगनला भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, मग टल्साला गणिताची पदवी. १९५२ च्या सुमारास त्या अमेरिकेतल्या लॅमाँट भूशास्त्र प्रयोगशाळेत जहाजांनी घेतलेल्या खोलीच्या नोंदींवरून उत्तर अटलांटिकचे छेद काढत होत्या. स्त्रियांना त्या जहाजांवर घेत नसत. समुद्रतळावरच्या मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खाच येते, म्हणजे तळ तिथे दुभंगतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ते उडवून लावलं. त्याच प्रयोगशाळेत समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडणं चाललं होतं. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा केंद्रं त्या खाचेतच पडत होती. एक पुरावा आकार ओळखणाऱ्या नजरेचा, दुसरा सिस्मोग्राफचा. एकटा कुठलाही पुरला नसता.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जाता येतं, पण गणित सोडलंस तर परतीची वाट बिकट होते. भूशास्त्र घेतलंस तरी कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा सोडू नकोस. मला ते पदव्युत्तरच्या पहिल्या सहामाहीत एकदम करावं लागलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. भूभौतिकी घेतलीस तर मॅपिंगचा एक तरी कॅम्प हट्टाने कर, अभ्यासक्रमात सक्तीचा नसला तरी.

कातळकडा

गारगोटी यांना +१. बरीच वर्षं मुलांना फील्डवर नेतोय, म्हणून फक्त एक भर घालतो. विषयांची नावं सगळीकडे सारखीच छापलेली असतात, त्यावरून काही ठरवू नकोस. विभागाला विचार: तीन-चार वर्षांत मिळून फील्डचे दिवस किती? शेवटच्या वर्षाचा नकाशा प्रत्येकजण स्वतंत्र करतो की दहाजण मिळून? ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजणारा), जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारा) विद्यार्थ्यांच्या हातात देतात की कपाटात असतात? शक्य झालं तर जुन्या विद्यार्थ्यांच्या फील्ड-वह्या बघायला माग. वहीत चित्रं असतील, खोडाखोड असेल, चिखलाचे डाग असतील, तर तिथे शिकवतात. सगळ्यांच्या वह्यांत एकच सुबक मजकूर असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला असतो.

तरंग

गारगोटी, ओढ्याची गोष्ट वाचून गप्प झालो. माझं 'मागाहून उचलता येतं' हे विधान मागे घेतो. आमच्याकडे पडद्यावर फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची रेघ) कुठून काढायचा यावर वाद होतो तेव्हा ज्याने प्रत्यक्ष फॉल्ट पाहिलेत त्याचंच ऐकतात, हे मी रोज बघतो.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. गारगोटी ताई, या तीन आठवड्यांत मला स्वतःला काही करून बघता येईल का? म्हणजे कळेल तरी की कशात मन रमतं.

गारगोटी

येईल. दोन कामं कर. एक, कुठेही खडक उघडा पडलेला असेल तिथे दोन तास बसून त्याचं चित्र काढ. नाव ओळखायचा प्रयत्नच करू नकोस. थर, भेगा, दाणे, रंग, आणि कोण कोणाला कापून जातं ते. भेगेने थर कापला असेल तर थर आधीचा.

दोन, एखाद्या जवळच्या भूकंपाच्या, तीन वेगवेगळ्या भूकंपमापन केंद्रांवर झालेल्या नोंदी मिळव. अशा नोंदी सर्वांना खुल्या असतात, आणि पायथॉन येत असेल तर ऑब्सपाय नावाची मोफत लायब्ररी त्या वाचून देते. P लहर (आधी येणारी) आणि S लहर (मागून येणारी) कधी पोचली ते डोळ्यांनी ओळख. दोन्हींमधल्या सेकंदांना साधारण ८ ने गुणलं की किलोमीटरमध्ये अंतर येतं. तीन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची तीन वर्तुळं काढ, ती मिळतात तिथे भूकंप.

पायवाट

नऊ दिवसांनी लिहितोय. दोन्ही केलं. चित्र काढताना दोन तासांचे साडेतीन कधी झाले कळलं नाही. वर्तुळांचं मात्र बिनसलं. P ठळक होती, S शोधायला वेळ लागला. पण तिन्ही वर्तुळं एका बिंदूत मिळतच नाहीत, एकमेकांवर चढून मध्ये एक फुगीर त्रिकोण उरतो. तीनदा पुन्हा मोजलं, त्रिकोण तसाच. कालपासून डोक्यातून जात नाहीये. माझं काय चुकतंय?

गारगोटी

मोजणीत थोडी इकडेतिकडे असेलही, पण तिन्ही वर्तुळं एकाच दिशेने चुकताहेत, मोठी येताहेत, हे तू स्वतःच पाहिलंयस. भूकंप पृष्ठभागावर होत नाही. तुला मिळालेलं अंतर तिरपं आहे, मापन केंद्रापासून खाली नाभीपर्यंतचं, म्हणजे खोलवर जिथे भूकंप सुरू झाला तिथपर्यंतचं, आणि तू ते सपाट नकाशावर अंथरलंस. समजा S आणि P मध्ये ५ सेकंद आहेत, म्हणजे तिरपं अंतर ४० किलोमीटर. नाभी २४ किलोमीटर खोल धरली तर पायथागोरसने नकाशावरचं अंतर ३२ येतं.

आता खोली ५, १०, १५, २० अशी धरत जा आणि प्रत्येक वेळी तिन्ही वर्तुळं नव्याने काढ. त्रिकोण कोणत्या खोलीला सगळ्यात लहान होतो ते बघ. हेच इन्व्हर्स थिअरीचं पहिलं गणित आहे, आणि ते तुला कुणी सोडवायला सांगितलेलं नव्हतं. आकडे आले की इथे लिही, चौथ्या केंद्राचं मग बघू.